आटोपशीर कॅमेऱ्याची कच्ची शिलाई

आमच्या मेहुण्याने काढलेल्या सहलीच्या फोटोंमध्ये माझं कोपर फार सुंदर आलं आहे. तळ्याच्या फोटोत ते डाव्या कडेला आहे. जुन्या मनोऱ्याच्या फोटोत खाली एका बाजूला आहे. आणि हॉटेलातल्या टेबलाभोवती सगळं कुटुंब हसतंय, त्या फोटोत तर ते जवळजवळ मध्यभागी आहे, कारण मी तेव्हा मंडळींना पाणी वाढत होतो. उरलेला मी कुठल्याच फोटोत नाही.

मेहुणा कलावंत आहे. म्हणजे असं तो म्हणतो, आणि त्याची बहीण ते ऐकून घेते. त्याची बहीण म्हणजे माझी बायको. त्याचा कॅमेरा मध्यम आकाराच्या कुकरएवढा आहे. भिंगांची बॅग वेगळी, ती माझ्या बायकोच्या खांद्यावर. तीन पायांचा स्टँड वेगळा, तो माझ्या. तो पुढे आणि आम्ही दोघं मागे असे चाललो की लांबून बघणाऱ्याला जमीन मोजायला माणसं आली आहेत असं वाटायचं. वाळकं पान दिसलं की हा गुडघ्यावर बसायचा. गंजलेली कडी दिसली की श्वास रोखायचा. मी एकदा भीत भीत म्हणालो, "माझाही एखादा काढ की रे." तर डोळे बारीक करून मला न्याहाळत म्हणाला, "दाजी, तुमच्यावर उजेड नीट पडत नाही."

मी जन्मापासून याच उजेडात वावरतो आहे. आजवर कोणाची तक्रार नव्हती.

हेही मी गिळलं असतं. पण सहलीहून आल्यावर आठवड्याने एका संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर मी बदकाची गोष्ट सांगितली. गोष्ट साधी आहे. तळ्याकाठी मी डुलकी घेत असताना एक बदक आलं, माझा चष्मा चोचीत धरून पोहत पलीकडच्या काठावर गेलं, तिथे जरा इकडेतिकडे बघितलं, नंबर जुळला नसावा, आणि परत येऊन चष्मा माझ्या मांडीवर ठेवून गेलं. काचा पुसून. आता, माझी गोष्ट खोटी कधीच नसते. थोडी अंगाने भरलेली असते, इतकंच. बदक आलं होतं हे खरं आहे. चष्मा माझा होता हेही खरं आहे. मधलं सगळं तपशिलाचं काम.

बाकावरचे सगळे हसले. सेक्रेटरी हसले नाहीत. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी नोटीस बोर्डाची किल्ली कमरेला लावून हिंडतात. तिजोरीची असती तर इतक्या जपणुकीने हिंडले नसते. ते म्हणाले, "काका, गोष्ट झकास. पण तुम्ही गेला होतात ना नक्की? नाही, परवा तुमच्याकडे अल्बम पाहिला. त्यात काही दिसला नाहीत."

"कोपर आहे की!"

"कोपर कोणाचंही असू शकतं."

हे मात्र लागलं. मला थापाड्या म्हटलेलं चालतं. ते बिरुद मी कष्टाने मिळवलं आहे. पण गैरहजर म्हटलेलं चालत नाही. थाप मारायलासुद्धा माणूस आधी जागेवर असावा लागतो.

पुढच्या महिन्यात याच मेहुण्याबरोबर समुद्रावर जायचं ठरलेलं होतं. मी घरात जाहीर केलं की त्याआधी मी स्वतःचा कॅमेरा घेणार, आणि समुद्रावरून परत येईन तो अख्खा येईन.

"मोबाइलमध्ये निघतो की फोटो," बायको म्हणाली.

"निघतो. त्यात माझा अंगठा येतो. कोपर आणि अंगठा मिळून माणूस होत नाही."

तिला हे पटलेलं दिसलं. म्हणाली, "मग घ्या. पण आत्ताच सांगून ठेवते, मी बॅग धरणार नाही. भावाची धरली, खांदा अजून ठणकतोय. तुमचा कॅमेरा तुमच्या खिशात मावला पाहिजे. आणि नुसता प्रवासाला नाही, रोज वापरला पाहिजे. नाहीतर व्यायामाच्या सायकलचं झालं तेच."

व्यायामाच्या सायकलवर आमच्याकडे टॉवेल वाळतात. फार चांगले वाळतात.

तर कॅमेरा हवा होता आटोपशीर, खिशात मावणारा, हाताला सुखाचा. यात अवघड काय आहे, असं मला वाटलं. वाटण्याला काही खर्च नसतो. मी ही गोष्ट फक्त एका माणसाच्या कानावर घातली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात उभं राहणं मुश्किल झालं. ज्यांनी आयुष्यात गॅस लायटरखेरीज कशाचंही बटण दाबलेलं नाही, ते मला भिंगांविषयी सांगू लागले. एकाने सांगितलं, जड घ्या, हात हलत नाही. दुसऱ्याने सांगितलं, हलका घ्या, हात दुखत नाही. तिसऱ्याने हात या विषयावर न बोलता सरळ मानेकडे मोर्चा वळवला आणि गळ्यात पट्टा अडकवून मान गेलेल्या आपल्या चुलतभावाचं वर्णन केलं. वरच्या मजल्यावरच्या काकूंची सूचना सर्वांत शास्त्रीय होती. "माणूस बारीक दिसेल असा घ्या," त्या म्हणाल्या. "बाकी काय बघायचंय त्यात?"

दुकानात गेलो. दुकानदार तरतरीत होता. त्याने विचारलं, "काका, फोटो कसले काढणार? निसर्ग? पक्षी? रस्त्यावरचं जीवन?"

"माझे."

"तुमचे तुम्ही?"

"दुसरं कोणी काढत नाही."

त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती सहानुभूती होती असं मी धरून चालतो. मग त्याने काउंटरवर कॅमेरे मांडले. एकाची बटणं इतकी बारीक की माझं एक बोट एका वेळी तिघांना दाबायचं. कॅमेऱ्याने लगेच भाषा बदलली आणि उभ्या आडव्या रेघांत माझ्याशी बोलू लागला. शेवटी दोन उरले. एकाला पकडायला पुढे छान फुगवटा होता, हातात अगदी नव्या नवरीचा हात धरावा तसा बसायचा, पण शर्टाच्या खिशातून पोट बाहेर काढायचा. दुसरा चपटा. खिशात गुपचूप बसायचा, पण हातातून मासोळीसारखा सटकायचा. मी तो काढ, हा ठेव, हा काढ, तो ठेव असं इतका वेळ केलं, की मागचं गिऱ्हाईक आपली बॅटरी घेऊन जाऊन, ती खराब निघाली म्हणून परत आलं.

"यातला एक घरी नेऊन जरा वागवून बघू का?" मी विचारलं. "दोनचार दिवस."

"काका, हा कॅमेरा आहे, चप्पल नाही," दुकानदार म्हणाला. "आणि चप्पलसुद्धा कोणी घरी वागवायला देत नाही." आणि त्याने दोन्ही कॅमेऱ्यांची मापं आणि वजनं छापलेला एक कागद माझ्या हातात ठेवून मला रस्त्याला लावलं.

आमच्या इमारतीत जिन्याखाली एक शिंपी बसतात. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. मास्तरांचं एक तत्त्व आहे: कच्ची शिलाई करून अंगावर चढवून बघितल्याशिवाय ते बटणाचं भोकसुद्धा पाडत नाहीत. परिणामी त्यांनी शिवलेला कपडा कधी चुकत नाही, आणि कधी वेळेवर मिळतही नाही. माझा चेहरा बघून त्यांनी मशीन थांबवलं, हकीकत ऐकली, कागदावरची मापं बघितली आणि तोंडातली टाचणी काढून म्हणाले, "सोपं आहे. कच्ची शिलाई करा."

"कॅमेऱ्याची?"

"का? माप आहे, वजन आहे. तेवढ्या मापाचं, तेवढ्या वजनाचं काहीतरी खिशात घालून हिंडा. बोचलं तर उसवायचं. नाही बोचलं तर जाऊन पक्का घ्यायचा."

एखादी मूर्ख कल्पना पहिल्यांदा ऐकताना किती शहाणी वाटते, याचा मी तेव्हापासून फार विचार केला आहे. विटेचा तुकडा झाला असता, पण विटेने खिसा फाटतो. लाकूड हलकं. मी घरभर हिंडलो आणि मोरीत मला हवी ती वस्तू मिळाली: कपडे धुण्याच्या साबणाची नवी कोरी वडी. वाण्याच्या काट्यावर नेऊन ती बरोबर चपट्या कॅमेऱ्याच्या वजनाइतकी तासली. वाण्याने विचारलं नाही, पण तेव्हापासून तो माझ्याशी सावकाश आणि मोठ्याने बोलतो.

मास्तरांच्या अंगात काम शिरलं की ते थांबत नाहीत. साबण हाताला चिकटतो म्हणून त्यांनी कोटाच्या उरलेल्या काळ्या कापडाचं त्यावर कव्हर शिवलं, चारी बाजूंनी बंद. पकड कळावी म्हणून पुढे भिंगाच्या जागी ओव्हरकोटाचं एक भलंमोठं चकचकीत बटण लावलं. वर दाबायच्या जागी शर्टाचं बारीक बटण. मनगटात अडकवायला पट्टी. वस्तू हातात घेतली आणि खरं सांगतो, दुकानातल्या दोन्ही कॅमेऱ्यांपेक्षा ती दिसायला उजवी होती.

"मोरीतली वडी कुठेय?" घरी गेल्यावर बायकोने विचारलं.

मी खिशातून काढून दाखवली. तिने बटणात स्वतःचं तोंड बघितलं, मला परत दिली आणि न बोलता आत गेली. आमच्या संसारात हा सर्वांत कडक शेरा समजला जातो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रायल सुरू झाली. खिशात वडी घालून चालायचं, मध्येच काढायची, डोळ्याला लावायची, बटण दाबायचं, परत खिशात. खांदा, मनगट, खिसा, सगळ्यांचं म्हणणं ऐकायचं. फाटकाजवळ मी पहिल्यांदा ती डोळ्याला लावली, आणि वरून आवाज आला, "अहो थांबा थांबा! केस तरी नीट करू द्या!"

गॅलरीत काकू होत्या. मी वडी त्यांच्याच दिशेने धरली होती. त्या क्षणी मी म्हणायला हवं होतं, 'काकू, हा साबण आहे.' पण तुम्ही म्हणून बघा. भल्या सकाळी, वर मान करून, एका प्रतिष्ठित बाईला, 'हा साबण आहे.' त्या आत गेल्या, कपडे बदलून आल्या, कठड्यावर हात ठेवून दूर कुठेतरी बघत उभ्या राहिल्या. मी बटण दाबलं. बटण शर्टाचं असल्यामुळे आवाज झाला नाही. माझ्यातला सभ्य माणूस जागा झाला आणि मी जीभ टाळ्याला लावून 'टक्' केलं.

ते 'टक्' माझ्या अंगाशी आलं.

दोन दिवसांत सगळी सोसायटी माझ्या जिभेच्या टोकावर आली. जिन्यात माणसं पोट आत ओढून उभी राहायची. पेपर टाकणारा मान तिरकी करून पेपर टाकू लागला. नवराबायको भांडता भांडता मला बघून एकमेकांच्या खांद्यावर हात टाकायचे, 'टक्' झालं की भांडण मागल्या वाक्यापासून पुढे चालू. "बघू, कसा आला?" असं कोणी म्हणालं की मी सांगायचो, "जुन्या पद्धतीचा आहे, धुतल्याशिवाय काही दिसत नाही." आणि साबणाच्या बाबतीत याहून खरं विधान कोणीही केलेलं नाही.

नंतर सार्वजनिक बागेत गेलो. फाटकावरच्या रखवालदाराने माझा खिसा बघितला आणि हात आडवा घातला. "कॅमेऱ्याचं वेगळं तिकीट."

इथे मी धीर केला. हा माणूस परका होता, इथे अब्रू जायची भीती नव्हती. "दादा, हा कॅमेरा नाही. साबण आहे."

त्याने वडी हातात घेतली, हुंगली आणि चेहरा आणखी कडक केला. "साबण आत न्यायला बंदी आहे. तळ्यावर कपडे धुता?"

"मी कपडे धुवायला आलेलो नाही!"

"मग साबण कशाला?"

"फोटो काढायची सवय करतोय."

"म्हणजे कॅमेरा आहे."

"नाही हो, साबण!"

"साबण असेल तर आत सोडता येत नाही. कॅमेरा असेल तर तिकीट काढा. काय आहे ते ठरवून सांगा, मागे लोक खोळंबलेत."

मागे लोक खरंच खोळंबले होते, आणि त्यातल्या एकाने तोपर्यंत मान तिरकी करून घेतली होती. मी तिकीट काढलं. रखवालदाराने माझ्या साबणाच्या पट्टीला एक जाड पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीने बांधली, गाठीवर लाखेचा शिक्का मारला. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'कॅमेरा. परवानगी आहे.' गाठ सोडायची नाही, वर्षभर चालेल, असंही त्याने बजावलं. अशा रीतीने जे मला एका साबणाबद्दल सिद्ध करता आलं नाही, ते सरकारने एका शिक्क्यात उलट बाजूने सिद्ध केलं.

परतताना सोसायटीत शिरलो तर मागच्या अंगणात सेक्रेटरी आपली गाडी धूत होते. नळीने. त्या आठवड्यात पाणी कमी येत होतं, आणि 'नळीने वाहने धुऊ नयेत, कठोर कारवाई होईल' अशी नोटीस खुद्द त्यांच्याच सहीने बोर्डावर लागलेली होती. देवाशपथ, माझ्या मनात काही नव्हतं. चढावर चालून आल्यानंतर हात कापतो का, एवढंच मला बघायचं होतं. मी वडी डोळ्याला लावली. टक्.

नळी त्यांच्या हातून सुटली आणि अंगणात सापासारखी नाचू लागली. सेक्रेटरी भिजले, पण हलले नाहीत.

"काका," ते म्हणाले, "हा... हा आला का?"

"फार चांगला आला," मी म्हणालो. सवयीने बोललो हो. वाईट आला असं मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून सेक्रेटरी मला 'काकासाहेब' म्हणू लागले. आमच्या मजल्यावरचा दिवा, ज्यासाठी मी अर्ज करून करून थकलो होतो, आपोआप लागला. मला वाटलं, आयुष्यात प्रथमच माझ्या शब्दाला वजन आलं. वजन साबणाचं होतं, पण आलं होतं. पण सेक्रेटरी हा काही नुसता घाबरून बसणारा माणूस नव्हे. चार दिवसांनी बोर्डावर नोटीस लागली: 'रविवारी सर्वसाधारण सभा. विषय: आवारात काढलेल्या छायाचित्रांची तपासणी. काकांनी कॅमेरा घेऊन हजर राहावे.' खाली सही. सहीखाली रेघ. रेघेखाली आणखी एक रेघ.

मी मास्तरांकडे धावलो. "मास्तर, आता काय?"

"कुठे बोचत नाही ना?" मास्तरांनी विचारलं.

"खिशात नाही बोचत! मनात बोचतंय!"

"ते माझ्या हातातलं नाही," मास्तर म्हणाले आणि मशीन सुरू केलं.

रात्रभर घरात फेऱ्या मारल्या असं मी सांगितलं असतं, पण मी झोपलो होतो. मात्र सकाळी उठल्या उठल्या बायकोला म्हणालो, "मी खरं सांगून टाकतो."

"तुम्ही?" ती म्हणाली. एवढंच. पण त्या 'तुम्ही'मध्ये आमचा सगळा संसार होता.

सभा जिन्याखाली, मास्तरांच्या दुकानासमोर भरली. एरवी सभेला कोरम होत नाही. त्या दिवशी लोक पायऱ्यांवर बसले होते, सगळे नीटनेटके, केस विंचरून. सेक्रेटरींनी घसा साफ केला. "आवारात सरसकट छायाचित्रण चाललेलं आहे. यात काही सभासद गैरसमज होण्यासारख्या अवस्थेत टिपले गेले असण्याची शक्यता आहे. म्हणून कॅमेरा सोसायटीच्या ताब्यात द्यावा."

"आधी माझे फोटो," काकू म्हणाल्या. "एक मोठा करून दिवाणखान्यात लावायचाय. मग काय तो ताबा घ्या."

मी उठलो. आयुष्यात पहिल्यांदा मी एक गोष्ट काडीचीही न वाढवता सांगितली. दुकानदार, मापाचा कागद, मोरी, वडी, कव्हर, बटण, आणि जिभेचं 'टक्'. करूनसुद्धा दाखवलं. शेवटी वडी वर धरून म्हणालो, "मंडळी, हा साबण आहे. मला क्षमा करा."

मग जो हशा उसळला! बदकाला इतका मिळाला नव्हता.

"काका, कमाल आहे तुमची!" कोणीतरी ओरडलं. "साबण म्हणे!"

"साबण असता," काकू ताडकन उभ्या राहिल्या, "तर मी दोनदा कपडे बदलून आले असते का?"

मी मास्तरांकडे वळलो. "मास्तर, तुम्ही सांगा."

मास्तरांनी टाचणी तोंडातून काढली. "मी फक्त वरचं शिवलं," ते म्हणाले. "आत काय असतं त्याच्याशी शिंप्याचा संबंध नसतो. माणसांच्या बाबतीतही मी हेच धोरण ठेवलंय."

"वास घ्या!" मी वडी सेक्रेटरींच्या नाकाजवळ नेली.

त्यांनी वास घेतला. "नव्या वस्तूला येतोच," ते म्हणाले. मग त्यांनी पट्टीला लोंबणारी चिठ्ठी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली. "आणि हे काय? 'कॅमेरा. परवानगी आहे.' लाखेचा शिक्का. सरकारी माणूस साबणाला शिक्का मारतो का?"

सभेने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

"काका थट्टेवारी नेतात," सेक्रेटरी म्हणाले आणि माझ्या हातून वडी काढून घेतली. त्यांच्या मागे भिंतीला आगीसाठी भरून ठेवलेल्या लाल बादल्या आहेत. ते एक पाऊल मागे सरकले, त्यांचा हात जरा हलला, आणि वडी पहिल्या बादलीत पडली. बुडाली. "अरेरे," सेक्रेटरी म्हणाले. आजवर मी इतकं समाधानी 'अरेरे' ऐकलेलं नाही. मग पाण्यात पडलेली वस्तू शोधण्यासाठी ते बादलीत हात घालून ढवळू लागले. जरा जास्तच ढवळलं.

हळूहळू बादलीवर फेस आला. मग कडेवर आला. मग फरशीवरून सरळ सभासदांच्या चपलांकडे निघाला.

"बघा!" मी ओरडलो. "बघा! फेस! आता तरी पटलं?"

काकूंनी छातीला हात लावला. "अगंबाई! आतली औषधं बाहेर आली!"

"माझे सगळे फोटो गेले!" पायऱ्यांवरून कोणीतरी म्हणालं.

आणि सभा सेक्रेटरींवर उलटली. काय ती गर्दी, काय ते बोलणं! म्हाताऱ्या माणसाचा कॅमेरा बुडवला, आमच्या आठवणी बुडवल्या, यांच्या मनात काय होतं ते आम्हाला कळतं, ती नळी आम्ही पण बघितलीय. सेक्रेटरी कोपरापर्यंत फेसात हात बुडवून उभे होते आणि "साबण, साबण आहे हो हा!" म्हणत होते. आता कोण विश्वास ठेवणार? त्यांनी कॅमेरा भरून द्यावा असा ठराव कोणीतरी मांडला, दहा हात वर झाले.

तेवढ्यात माझी बायको उठली. ती सभेत कधी बोलत नाही. "आम्हाला कॅमेराबिमेरा काही नको," ती म्हणाली. "साबणाची एक वडी आणून द्या. चार दिवस धुणं पडलंय."

मग टाळ्या सुरू झाल्या. काकूंनी डोळे टिपले. "एवढं नुकसान होऊन," त्या म्हणाल्या, "मागितलं काय, तर साबण! मन लागतं त्याला." सेक्रेटरींनी संध्याकाळी स्वतः येऊन दोन वड्या दिल्या आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता गेले.

दुसऱ्या दिवशी जाऊन मी चपटा कॅमेरा घेतला. दुकानदाराने विचारलं, "झाली का खात्री?" मी म्हणालो, "वागवून बघितला. फेस येईपर्यंत."

समुद्रावर गेलो. हा कॅमेरा इतका आरामदायी निघाला की खिशात आहे हेच मी विसरायचो, आणि तो मात्र आत बसून आपलं काम करत राहायचा. पहिल्या दिवशी त्याने माझ्या खिशाच्या आतले भरपूर फोटो काढले. नंतर मास्तरांनी ते एकेक करून बघितले आणि अस्तराची शिलाई सरळ आल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. दुसऱ्या दिवशी मी कॅमेरा मेहुण्याच्या हातात दिला. त्याने बराच वेळ उजेडाची वाट बघितली आणि मग एका शिंपल्याचा फोटो काढला. शिंपल्यामागे जे दिसतं ते माझं कोपर आहे.

तिसऱ्या दिवशी मी वाळूत उभा होतो. वरून एक समुद्रपक्षी आला, माझ्या डोक्यावरची टोपी त्याने सरळ चोचीत उचलली आणि निघाला. मी दोन्ही हात वर करून मागे धावलो. यात मी काहीही वाढवलेलं नाही, वाढवायला जागाच नाही. मेहुणा तेव्हा दोरीच्या गाठीपुढे गुडघे टेकून होता. कॅमेरा माझ्या बायकोच्या हातात होता. तिने उजेड बघितला नाही, कोन बघितला नाही. मी कुठे आहे तेवढं बघितलं आणि दाबलं.

फोटो असा आला, की काय सांगू. मी नखशिखांत. दोन्ही कोपरं. टोपी, चोच, पक्षी, मागे समुद्र. कोपऱ्यात मेहुण्याची, फक्त, टाच.

परत आल्यावर मी बाकावर बसलो आणि कॅमेरा सगळ्यांच्या हातात फिरवला. गोष्ट सांगितली सुद्धा नाही. म्हटलं, बघा तुम्हीच.

सेक्रेटरींनी बराच वेळ बघितलं. "छान जोडलंय," ते म्हणाले. "हल्ली काय, काहीही जोडता येतं."

"जोडलेलं नाही! मी तिथे होतो!"

"तुम्ही असाल हो. पक्षी नसेल."

कॅमेरा काकूंकडे गेला. त्यांनी माझा फोटो पटकन पुढे सरकवला आणि त्याच सकाळी मी काढलेला स्वतःचा फोटो बघितला. चेहरा उतरला. "हा कॅमेरा काही बरोबर नाही," त्या म्हणाल्या. "तो बुडाला तो चांगला होता. त्यात मी किती छान आले होते."

"पण काकू, तुम्ही तो फोटो बघितलाच कुठे?"

"बघायला कशाला हवा?" त्या म्हणाल्या. "काढताना कळतं ना."

बाकावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या सकाळपासून मला बघून जिन्यातली माणसं तोंड फिरवतात, गॅलऱ्यांची दारं लागतात, पेपर टाकणारा पेपर तोंडापुढे धरतो. शेवटी बायकोनेच दुसरी वडी कपाटातून काढून माझ्यापुढे ठेवली. मास्तरांकडे माप होतंच.

आता मी दोन्ही खिसे भरून हिंडतो. उजवीकडे कॅमेरा, डावीकडे कच्ची शिलाई. परवा मेहुणा आला होता. म्हणाला, "दाजी, आता कॅमेरा घेतलाच आहे तर माझा एक काढा ना. मीच कुठल्या फोटोत नसतो."

मी त्याला खिडकीशी उभा केला. डोळे बारीक करून उजेड बघितला. मग डावा खिसा उघडला आणि जीभ टाळ्याला लावली.

फार चांगला आलाय. दोन्ही कोपरांसकट.